माळ्यावरची चांगुणा

पाथर्डीकडच्या त्या शिवारात चांगुणासारखी गोफण कुणाची चालत नसे. ज्वारी हुरड्यात आली की ती राखणीच्या माळ्यावर चढायची, आणि भोरड्यांचा थवा अजून आभाळात ठिपक्याएवढा असतानाच तिचा खडा सुटायचा. भिमाजी, तिचा नवरा, सांगत फिरायचा की हिला पाठीलाही डोळे आहेत.

पन्नाशीत तिचा उजवा हात थरथरू लागला. मग पाऊल अडू लागलं, चेहरा कोरा झाला. अंगारे-धुपाऱ्यांत तीन वर्षं गेली. दुसरं काय व्हायचं? त्र्याहत्तरच्या पावसानं दुष्काळ सरला तेव्हा कुठे भिमाजीनं तिला नगरच्या डॉक्टरांकडे नेलं. हा पार्किन्सन, ते म्हणाले. नव्या गोळीनं हाताची थरथर थांबेल, चालणं मोकळं होईल. पण मेंदूच्या देठाशी निळसर पेशींचे दोन इवलेसे ठिपके असतात. काही घडलं की ‘जागा हो, बघ’ अशी हाक तिथून साऱ्या मेंदूला जाते. या रोगात त्या पेशीही मरतात, आणि गोळी त्यांना परत आणत नाही. भिमाजीनं थरथर थांबेल एवढंच ऐकलं. माणसं ऐकतात ती अशीच, सोयीपुरती.

गोळी लागू पडली. पौषात चांगुणा बशीतला चहा न सांडता पिऊ लागली. बाई बरी झाली, असं भिमाजीनं वस्तीभर सांगितलं. दोन सालांनी ज्वारी भरली होती. त्यानं तिला धरून माळ्यावर चढवलं, खडे शेजारी रचले. त्याच्या सांगण्यावरून तिनं एक भिरकावला. थेट बांधापार गेला. भिमाजी खुशीत विहिरीकडे वळला.

तासाभरानं परतला, तर माळ्यासमोरच्या कणसांवर भोरड्या लोंबकळत होत्या. चांगुणाच्या मांडीवर गोफण, नजर सरळ त्यांच्यावर.

“अगं, दिसंनात व्हय तुला?”

“दिसत्यात की.”

“मग हात दुखतुय?”

“न्हाई. हात चांगला हाय. पन आतनं कुनी उठवतच न्हाई, धनी. आली पाखरं, तर आली.”

आवाजात ना राग, ना लाज. भिमाजी वर चढला आणि तिच्या कानाशी पत्र्याचा डबा बडवला. थवा भर्रकन उठला. चांगुणाची पापणीसुद्धा हलली नाही. डॉक्टरांचं उरलेलं बोलणं त्याला तेव्हा ऐकू आलं.

“उतर खाली,” तो म्हणाला.

ती उतरली, उतर म्हटलं म्हणून. बस म्हटलं असतं, तर बसली असती.