वेफर टेस्टिंगचं स्थळ

आता तुम्ही घरचेच म्हणून सांगतो. हसायचं नाही! हसलात तर चहा अर्धा ठेवून उठेन.

माझी भाची केतकी. तिला बघायला मंडळी येणार होती, सुकापूरला, ताईकडे. ताईनं घाईघाईत फोन केला, "मुलगा इंजिनिअर आहे रे. गुजरातेत असतो. वेफर टेस्टिंगला."

आता मला सांगा, गुजरात आणि वेफर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येईल? बटाटाच ना?

पनवेलच्या मार्केटात माझ्या मित्राचं, म्हात्रेचं, फरसाणचं दुकान आहे. त्याला सहज बोललो, तर तो उडालाच. "मंग मला पन ने! आपले केल्याचे वेफर काय कमी हायत?"

नेलं! कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही!

मुलगा अनिकेत, अगदी गरीब गाय. मी मामेपणाच्या अधिकारात सुरू झालो.

"टेस्टिंग म्हणजे नेमकं काय करता हो?"

"सुया टेकवून तपासतो, मामा. एकेका वेफरवर शेकडो चिप्स असतात."

शेकडो? बटाटा आहे की भोपळा! पण अडाणी दिसायला नको, म्हणून मान डोलावली.

"आणि स्वच्छता?"

"डोक्यापासून पायापर्यंत झाकून आत जातो. धुळीचा कणसुद्धा चालत नाही."

"बघ!" मी म्हात्रेला म्हणालो. "नाहीतर तू, बनियनवर तळतोस!" मग परत अनिकेतकडे वळलो. "बरं, मीठ?"

तो गोंधळला. "मीठ... म्हणजे?"

"अहो मीठ! आधी लावता की तळल्यावर?"

केतकी माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. मला वाटलं, लाजतेय! म्हात्रेनं तेवढ्यात पिशवीतला पुडा काढला, फाडला आणि थेट अनिकेतच्या पुढ्यात धरला. "जरा टेस्ट करून सांगा, साहेब. कंपनीत बोलून बघा आमच्यासाठी."

"मामा!" केतकी किंचाळलीच. "सिलिकॉनचे वेफर! ताटाएवढी चकती असते, तिच्यावर कॉम्प्युटरच्या चिप्स बनवतात. एआयला लागतात ना, त्या खास चिप्स!"

मी ताईकडे बघितलं, ताईनं म्हात्रेकडे. आणि म्हात्रे काय म्हणाला असेल?

"मंग तेल कुठलं वापरतात?"

अनिकेतनं मात्र दोन वेफर उचलून खाल्ले आणि म्हणाला, "मस्त आहेत हो!" केतकीनं मनातल्या मनात होकार दिला तो तिथेच. त्याची आईही भली बाई. मला सावरून घ्यायला म्हणाली, "अहो, हे नवे शब्द सगळ्यांना कुठे माहीत असतात? तुम्हीही दुकानच बघता का?"

"नाही, मी रिटायर्ड. कॉलेजात शिकवायचो."

"अरे वा! काय शिकवायचात?"

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. म्हटलं, संपेपर्यंत विषय बदलेल. कसला बदलतोय!

"बारावीचं फिजिक्स," केतकीच म्हणाली. "सेमीकंडक्टरचा धडा मला मामानंच शिकवलाय!"