वाकळांचा मांडव

मुरूम गावात विरुपाक्ष मांडववाल्यांचा आवाज सगळ्यांना ठाऊक होता. बांबू, दोर, कनाती आणि गॅसबत्त्या हा त्यांचा धंदा. पण गाण्याचा कार्यक्रम असला की मांडव उभा करून ते घरी जात नसत. गाणारा आवाज लावू लागला की हे मांडवभर फिरत, एखाद्या कोपऱ्यात उकिडवे बसत आणि तिथूनच ओरडत, "इथं काय बी ऐकू येत न्हाय! तबला मागं घ्या!" एका पेटीवाल्यानं तर चिडून पेटी मिटून ठेवली होती. विरुपाक्षांना त्याचं काही वाटलं नाही.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. गाण्यालासुद्धा इजाजत लागायची. त्या चैत्रात जत्रेसाठी चन्नबसप्पा सावकारांनी गुलबर्ग्याकडच्या महानंदाबाईंना बोलावलं. बाई लिंगायत संतांची वचनं गात, कानडी आणि मराठी पदंही गात. इजाजत मिळाली, पण उघड्यावर जमाव करायचा नाही, कार्यक्रम छपराखाली करायचा, अशी अट होती. तेवढी माणसं मावतील असं छप्पर गावात एकच होतं, सावकारांच्या जिनिंगचं. हंगाम सरला होता. कापूस गेलेला, लांबलचक पत्र्याचं शेड रिकामं पडलेलं.

विरुपाक्षांनी आत जाऊन एक टाळी वाजवली. ती पत्र्यावर आदळली, भिंतीवर आदळली आणि बराच वेळ घुमत राहिली.

"सावकार, हितं गाणं व्हायचं न्हाय," ते म्हणाले. "एक बाई गायली तर चारजणी भांडल्यागत वाटंल."

"सोलापूरहून कर्णा मागवलाय," सावकार म्हणाले. "मग तर झालं?"

जत्रेच्या दिवशी सकाळी कर्णा आला, बॅटरी आली, ते चालवणारा माणूसही आला. त्यानं माईक सुरू केला आणि कर्णा असा किंचाळला की बाहेर बांधलेले बैल बुजले. त्यानं माईक हलवला, कर्णा हलवला, तरी तेच. विरुपाक्षांनी भिंतींना कनाती बांधल्या. पातळ कापड ते, त्यानं काय होणार? दुपारी महानंदाबाईंनी एक ओळ गाऊन पाहिली आणि थांबल्या.

"माझाच आवाज माघारी येतोय," त्या म्हणाल्या. "ताल कुठला धरू? ह्यात मला गाता येणार नाही. गाडी जुंपायला सांगा."

संध्याकाळपर्यंत थांबा, अशी हातापाया पडून विनवणी करून विरुपाक्ष घरी आले. ताटातली भाकरी तशीच राहिली. त्यांची बायको मल्लम्मा हंगामात त्याच जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. काय झालं ते ऐकून ती म्हणाली, "अवो, कापसाचा ढीग लागला की त्याच शेडात शेजारणीची हाक बी ऐकू येत न्हाय. कापूस आवाज पितोय."

"आता चैतात कापूस कुठनं आणू?"

"वाकळा हायेत की घरोघर. थरावर थर चिंध्या शिवल्यात, त्या बी पितील आवाज."

मल्लम्मा शेजारच्या शांताक्काला घेऊन गल्लोगल्ली फिरायला निघाली आणि थोड्याच वेळात रिकाम्या हातानं परत आली. शांताक्का पुढं झाली.

"वाकळा देताव," ती विरुपाक्षांना म्हणाली, "पण आमी पुढं बसणार. दरवर्षी सगळ्यात मागं, कनातीच्या आड बसवताव तुमी. गाणं कुठलं ऐकू येतंय? नुसता गलका येतोय."

मांडवातला एकेक कोपरा विरुपाक्षांनी बसून तपासला होता. बायकांच्या कनातीमागं जाऊन मात्र ते कधीच बसले नव्हते. ते उठले आणि थेट सावकारांकडं गेले.

"बायका पुढं? गाव काय म्हणंल?" सावकार म्हणाले.

"गावाला म्हणावं, आपापल्या घरनं वाकळा आणा. मिळत्यात का बघू."

सावकारांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग हसले. त्यांच्या घरनंही वाकळ मिळाली नसावी. शेडाचं डावं अंग पुढपासून मागपर्यंत बायकांचं, मधे कनातीऐवजी नुसता दोर, असं ठरलं.

दिवस कलायच्या आत ढिगानं वाकळा आल्या. काहींना चुलीचा वास, काहींना तान्ह्या पोरांचा. विरुपाक्षांनी भिंतींवर टांगल्या, पत्र्याखाली दोर ताणून त्यावरही टाकल्या. मग टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथंच संपली. कर्ण्याचं तोंड त्यांनी दारातून बाहेर, रस्त्याकडं करून ठेवलं. आता तो किंचाळला नाही.

कार्यक्रम सुरू झाला. रस्त्यावर माणसं जमली, तसा एक शिपाई आला आणि जमाव बाहेर आहे म्हणून त्यानं कर्णा बंद करवला. बाहेरचे कुरकुरत पांगले. आत कोणाला ते कळलंही नाही. महानंदाबाई नुसत्या गळ्यानं गात होत्या आणि विरुपाक्ष शेवटच्या रांगेत उकिडवे बसले होते. बाईंनी दोन सुरांच्या मधे घेतलेला श्वाससुद्धा त्यांना ऐकू येत होता. पुढं मल्लम्मा मान डोलावत होती. त्या संध्याकाळी विरुपाक्ष एकदाही ओरडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वाकळांची अदलाबदल होऊन भांडणं झाली, ती मल्लम्मानं मिटवली. पुढं राज्यात मारामाऱ्या, पळापळ सुरू झाली आणि जत्रा भरली नाही. राज्य बदलल्यावर कार्यक्रम पुन्हा मैदानात होऊ लागले. वाकळा मागायची वेळ आली नाही. डावं अंग मात्र बायकांकडंच राहिलं, आणि गाणारा आवाज लावू लागला की विरुपाक्ष सगळ्यात आधी तिकडं जाऊन बसायचे, ऐकू येतंय का ते बघायला.