बरणीतली मधाची व्हिस्की

माझा जुना मित्र सुधाकर गेल्याचा फोन अकोल्याहून आला, तेव्हा मी अमरावतीच्या बाजारात त्याच्यासाठीच संत्री निवडत होतो. घशाच्या कॅन्सरने त्याला पाणीही गिळवत नव्हतं, पण सोललेलं संत्रं नाकाशी धरलेलं आवडायचं. शालिनीवहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले जी..." हातातली संत्री मी परत ढिगावर ठेवली.

त्याच्या पुतण्याने एकदा परदेशातून मध आणि वनौषधी घातलेल्या व्हिस्कीची बाटली आणली होती. घोटभर चाखून सुधाकर म्हणाला, "एवढ्यासाठी विलायतेले जा लागते काय बे?" मग सेमाडोहच्या जंगलातला मध, जेष्ठमध, बडीशेप, संत्र्याची साल असं सगळं व्हिस्कीत घालून त्याने लोणच्यासारखी बरणी मुरत ठेवली. पुढे दर हिवाळ्यात हाच उद्योग. नियम मात्र कडक. बर्फ मागितला की चिडायचा. संत्र्याच्या फोडींवर चमचाभर, नाहीतर थंडीत कोऱ्या चहात. मी घाईने गिळलं की म्हणे, "पाणी पिऊन राहिला काय? जिभेवर थांबू दे ना थोडं!" अशा माणसाचा घसाच जावा, याचा राग अजून जात नाही.

दहाव्याला अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, खाली येईनात. रीतीप्रमाणे एकेकाने हात जोडून शब्द दिले... पोरीचं लग्न थाटात करू, वहिनींना अंतर देणार नाही. ऊन चढलं तरी काही नाही. शेवटी वहिनीच सगळ्यांदेखत म्हणाल्या, "त्यायचा जीव बरणीत अडकला असन. भाऊजी, तुमी आणा." गुरुजींनी मान फिरवली. मी धावत त्याच्या घरी गेलो, बरणीतली वाटीभर घेऊन आलो, संत्र्याची फोड त्यात भिजवून पिंडाशेजारी ठेवली. मला खात्री होती. आयुष्यभर ज्याच्यासोबत बसलो, त्याच्या मनातलं मला नाही कळणार तर कुणाला?

एकही कावळा आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी कपडे झटकत उठली. परतताना रिक्षात वहिनींनी विचारलं, "मंग काय पायजे होतं हो त्यायले?"

बरणी अजून त्यांच्या ओट्यावरच आहे म्हणे. महिना होत आला, वहिनींना फोन करायची माझी हिंमत होत नाही.