राखेखालचा जोड

माझं आंदण बैलगाडीतून उतरवत होते, तेव्हा नथ्थुकाकांची आणि माझी पहिली भेट झाली. भेट कसली, ते माझ्याकडे बघतही नव्हते. पितळेची घागर खाली आली की बोटाचं पेर वाकवून तिच्यावर टक् करायचे आणि कान लावायचे. मग परात, मग कढई, मग माझी पत्र्याची पेटीसुद्धा. मी डोक्यावरचा पदर सावरत घामाने निथळत उभी, आणि हा माणूस माझ्या माहेरच्या इभ्रतीची टकटक करून परीक्षा घेतोय. कढईपाशी थांबून ते म्हणाले, "सूनबाई, हे कढई एकदा फुटली होती. पन जोडनारा चांगला होता, फिकर नको करजो." मला त्यांचा असा संताप आला की विचारू नका. पुढे आईने कबूल केलं, कढई खरंच एकदा डाग देऊन सांधलेली होती.

नथ्थुकाका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, मामंजींचे, धाकटे भाऊ; मी त्यांना काकाजी म्हणायचे. आमचं शेत कारंजाच्या जवळ, नागपूर-अमरावती रस्त्याला लागून. स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. महायुद्धाच्या काळात काकाजी नागपूरकडे एका वर्कशॉपात राबले होते आणि परत येताना गॅस वेल्डिंगचं जुनं सामान घेऊन आले होते. काळा चष्मा, नळ्या, कार्बाइडची टाकी. शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी हा संसार मांडला. दुसरा संसार त्यांना नव्हताच. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. कार्बाइडला सडक्या लसणासारखा वास येतो, आणि तो वास काकाजींच्या आधी घरात शिरायचा. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणायच्या, "आले पाहाय, गॅसवाले."

काकाजींना बोलायला लोखंडाशिवाय विषय नव्हता. "लोखंड लोखंड म्हनता तुमी," ते जेवताना सुरू करायचे, "पन त्याचे स्वभाव किती हायेत, मालूम हाये काय? वखराचं जुनं लोखंड गरीब. वाकवा, ठोका, हूं का चूं करत नाई. ट्रकच्या कमानीचं पोलाद म्हंजे जावई. त्याले मानपानानं गरम करा लागते, अन् निवतानी त्याच्या वाटेले जाचं नाई." आमचे हे आर्वीच्या कचेरीत कारकून, रविवारी घरी यायचे. ते हसून मला म्हणायचे, "काकाजी माह्याविषयी तं बोलून नाई राह्यले ना?" मी म्हणायचे, "तुमचं निवायचं काय घेऊन बसलात, तुम्ही तापता तरी कधी."

त्या गरीब लोखंडाला आणि त्या जावयाला एकत्र नांदवायचं, हा काकाजींचा ध्यास होता. वखराची पास, म्हणजे जमिनीखालून कुंद्याचं चिवट तण कापत जाणारं आडवं पातं, आमच्या रानात भराभर बोथट व्हायची. झिजलेल्या पाशीला कमानीच्या पोलादाची धार जोडली तर ती टिकेल, असं त्यांचं म्हणणं. रस्त्यावर ट्रकच्या कमानी, म्हणजे चाकांवरचे पोलादी पट्टे, तुटायच्याच. ड्रायव्हरांशी गप्पा मारून ते तुकडे घेऊन यायचे. पण जोडलेली पास शेतात तुटायची. गंमत अशी की जोड शाबूत राहायचा, शेजारचं पोलाद तडकायचं. "जोडाचा कसूर नाई," काकाजी म्हणायचे, "निवतानी घाई झाली." मग त्यांनी युक्ती काढली. जोडण्याआधी पातं निखाऱ्यांवर तापवायचं, आणि जोडून झालं की तांबडं असतानाच गरम राखेत पुरून ठेवायचं, आपोआप निवेपर्यंत.

मामंजींना ह्यातलं काही ऐकायचं नव्हतं. माणूस वाईट नव्हता, पण एकदा बोलला की बोलला. माघात, अखजी म्हणजे अक्षय्यतृतीया अजून लांब असताना, त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "अखजीच्या मुहूर्तावर जोडलेली पास चालली तं चालली. नाई तं शेडमधी मी कापूस भरतो, अन् तू पुलगावले मिलमधी लाग. मी बोलून ठेवलं हाये." काकाजी मान खाली घालून बसले होते. मला फार वाईट वाटलं. ह्या माणसाला मिलच्या चाळीत कोण जेवायला वाढणार होतं, आणि लोखंडाच्या स्वभावाचं कोण ऐकणार होतं?

अखजी उजाडली आणि सगळंच उशिरा झालं. ऑक्सिजनची टाकी नागपूरहून आदल्या दिवशी यायची, ती सणाच्या पहाटे आली. काकाजींनी दिवस वर येईपर्यंत पास जोडली, राखेत पुरली आणि घरी येऊन सांगितलं, "दादा, दिवस बुडेपर्यंत हात नका लावू. उद्या चालवू."

"मुहूर्त आज हाये," मामंजी म्हणाले. "आंघोळ करून ये. बिनआंघोळीचा वखराले हात लावाचा नाई."

काकाजी विहिरीवर गेले. तेवढ्यात मामंजींनी गड्याला शेडमध्ये पिटाळलं. त्याने पास राखेतून फावड्याने काढून अंगणात पाटावर आणून ठेवली. वरून ती करडी, थंडगार दिसत होती. सासूबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. राखेने माखलेल्या वस्तूची पूजा कोण करतं? त्यांनी लोटाभर पाणी तिच्यावर ओतलं. छन्न झालं, वाफ आली, आणि त्या आवाजात एक बारीक टिच् मला ऐकू आलं. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, आम्ही हात जोडले.

काकाजी ओल्या अंगाने आले. पास ओली, जमीन ओली, सासूबाईंच्या हातात रिकामा लोटा. त्यांनी वाकून पाशीवर बोट वाजवलं. आवाज बद्द आला. त्यांचं तोंड उतरलेलं मी पाहिलं. ते बोलणार असं वाटलं, पण सासूबाईंकडे एकदा बघून ते गड्याला म्हणाले, "चाल, बैल जुंप."

शेतात दुसऱ्या फेरीलाच पास तुटली. बांधावर निम्मं गाव होतं. मामंजींनी तुटका तुकडा उचलून भावाच्या हातात दिला. काकाजी एवढंच म्हणाले, "माह्याकडूनच काहीतरी कच्चं राह्यलं."

मी घुंघट ओढून बसणारी सून होते, पण गप्प बसण्याचं वरदान देवाने मला दिलेलं नाही. परतताना चिंचेखाली त्यांना गाठलं. "काकाजी, पाण्यानं तडकली ना ती? तुम्ही बोलला का नाही?"

ते थबकले. "सूनबाई, मी आठ वर्साचा होतो, माय गेली होती, तवा वैनी ह्या घरात आली. तिनं मले न्हाऊ-माखू घातलं. अखजीच्या दिवशी घरच्या लक्ष्मीच्या हातानं पास फुटली, असं गावानं सालभर म्हनावं काय? त्यापेक्षा पुलगाव बरं." आणि मला दटावून म्हणाले, "तू बी बोलू नको."

मी चुलीपाशी जाऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या अखजीचे सरगुंडे, काडीवर वळलेल्या कणकेच्या नळ्या, वाफवत होत्या. ऐकून त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. मग उठल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि दोघे भाऊ जेवत होते तिथे जाऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या दाराआडून वाढायच्या.

"पास नथ्थुनं नाई तोडली," त्या म्हणाल्या. "म्या तोडली. गरम होती, म्या तिच्यावर पानी ओतलं. त्यानं सांगतलं होतं हात लावू नका. तुमी आयकलं नाई, म्या बी आयकलं नाई."

मामंजींचा घास हातात राहिला. ते भावाला म्हणाले, "मंग तू बोलला काऊन नाई?"

काकाजींनी सासूबाईंकडे पाहिलं.

"पुलगावले गेला असता?"

"गेलो असतो, दादा."

सासूबाईच म्हणाल्या, "नथ्थु दुसरी पास करते. मुहूर्ताचं मले देवाजवळ सांगता येते." आणि त्यांनी दोघांच्या ताटात तूप वाढलं.

दुसरी पास राखेत गेली त्या दिवशी सासूबाई शेडमध्ये ढिगाऱ्याजवळ पाट टाकून बसल्या. लसणाचा वास आला, धूर झाला, तरी नाकाला पदर लावला नाही. गडी आला तर त्याला हाकललं, कोंबडी आली तर तिला हाकललं, मामंजी डोकावले तर त्यांनाही "अजून नाई" म्हणून परत पाठवलं. संध्याकाळी पास निघाली तेव्हा तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा त्यांनी उलटा हात तिला लावून पाहिला. पाणी न घालता, फडक्याने पुसून कोरडंच कुंकू लावलं.

सकाळी मामंजींनी स्वतः वखर धरला आणि मुद्दाम कुंदा माजलेल्या वरच्या तुकड्यात घातला. आम्ही घरात कामं करत होतो असं म्हणायचं, खरं तर कोणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. काकाजी तर शेडसमोर बसून एकच पाना पुसत होते. ऊन चढल्यावर मामंजी आले. वखर उलटा केला, पाशीवरून अंगठा फिरवला. मग गड्याला म्हणाले, "साऱ्या वखरांच्या पासा काढ अन् शेडमधी नेऊन टाक." भावाकडे न बघता पुढे बोलले, "पेरनी तोंडावर हाये. आठ दिवसांत साऱ्या पायजेत."

"नाई होनार, दादा," काकाजी म्हणाले. "दिवसाले एक. निवाले वेळ लागते."

मामंजींना नाही म्हणणारा माणूस मी त्या घरात पाहिलेला नव्हता.

"होऊ दे," मामंजी म्हणाले आणि हात धुवायला गेले.

त्या साली कापूस शेडऐवजी मामंजींच्या झोपायच्या खोलीत भरला, आणि मामंजींची खाट ओसरीवर आली. पुढे दरवर्षी हंगामात हेच. म्हातारपणी नथ्थुकाका गेले, तेव्हा शेड रिकामी झाली. मी मामंजींना म्हटलं, थंडीचे दिवस आहेत, आता कापूस शेडमध्ये ठेवू, तुम्ही आत झोपा. त्यांनी नकारार्थी मान हलवली, शेड तशीच राहू दिली आणि त्या वर्षीही ओसरीवरच घोंगडी पांघरून झोपले.