कोरड्या पाइपातला आवाज

गेल्या मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी सव्वाअकराला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका लहान शहरात मी रस्त्याखालच्या पाइपातून पाणी वाहताना ऐकलं. त्या वेळी पाइपात पाणी नव्हतं.

मी नगर परिषदेत पाणीपुरवठा अभियंता आहे. अशा गोष्टी कोणी सांगू लागलं की मी विषय बदलते... म्हणून घडलं तेवढंच लिहिते.

एका वॉर्डाला सहा दिवस पाणी नव्हतं. सिमेंट रस्ता करताना तिथला व्हॉल्व्ह बंद करून कोणीतरी त्यावरच काँक्रीट ओतलं होतं. नेमकं कुठे, हे कुणालाच आठवत नव्हतं. आमचे कंत्राटी फिटर सलीमभाई, वय पंचावन्न. त्यांच्या अंदाजाने दोन खड्डे खोदले, दोन्ही चुकले. मुख्याधिकारी म्हणाले, तिसरा चुकला तर सलीमभाईंना घरी बसवा.

सलीमभाई लोखंडी सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवतात, दुसरं कानाला लावतात. पाणी चालू असलं की लाइन कळते. अकराला पंप सुरू होणार होता, म्हणून आम्ही गेलो.

"अजून खोदता का, भाऊ?" ओट्यावरून एक बाई म्हणाली. "पाणी नाई तं नाई, रस्ता तं राहू द्या! इतक्यात विहीर झाली असती."

"झाली तं पान्याचा पह्यला गुंड तुमीच भरा, बाई," सलीमभाई म्हणाले.

एका जागी ते थांबले. "मॅडम, इथी वाहून राह्यलं. अडकून अडकून. तुमी ऐका."

मी ऐकलं. अरुंद फटीतून पाणी घुसावं तसा आवाज...

"नक्की?"

"नक्की नाई. पन दुसरं कुठी ऐकूच नाई येत."

काँक्रीट फोडायला ब्रेकर लावला. चार फूट खाली व्हॉल्व्ह सापडला, पूर्ण बंद. जोड खोलला – दोन्ही बाजूंना पाइप कोरडा, आत धूळ. मी पंपावर फोन केला.

"लाइटच नाई ना मॅडम, नऊ वाजल्यापासून," ऑपरेटर म्हणाला. टाकीही रिकामी होती.

सलीमभाई खड्ड्यातच बसले. "मंग आपन काय ऐकलं?"



वीज चारला आली. सव्वापाचला वॉर्डात पाणी पोचलं. पुढच्या महिन्याच्या हजेरीपटावर सलीमभाईंचं नाव होतं.

अहवालात 'जागा कशी निश्चित केली' या रकान्यात मी 'आवाजावरून' असं लिहिलं. मुख्याधिकाऱ्यांनी पंपाची नोंदवही मागवली, पाहिली, माझा शब्द खोडला, वर 'नकाशावरून' लिहिलं आणि सही केली.

त्या वॉर्डाचा नकाशा आमच्या कार्यालयात नाही.