घंटा ऐकू येते त्या अंगणात

माझे धाकटे दीर चाळीस वर्षं शाळेची घंटा वाजवत होते. रोज सकाळी नऊला. घंटेच्या बुरुजाखालच्या खोलीतच त्यांचा संसार. माणूस अबोल, जे काही बोलायचं ते दोरीलाच सांगत असावेत.

आमच्या गावात पोरांच्या शिक्षणाचा एक जुना निधी आहे. माझ्या आजेसासूच्याही आधी कुणा निपुत्रिक बाईने जमीन देऊन लिहून ठेवलं, की शाळेची घंटा ज्या अंगणात ऐकू येते, तिथल्या मुलांना यातून पुढे शिकवावं. किती सुतार, डॉक्टर, मास्तरणी त्यावर झाल्या. मी नाही झाले. घंटा माझ्या माहेरच्या अंगणातही ऐकू यायची, पण घरात माझं कोण ऐकणार?

एका वर्षी ओढ्यापलीकडच्या कुंभारांच्या नातीने अर्ज केला. तिला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. निधीचे पंच त्यांच्या घरी येऊन म्हणाले, "तुमच्याकडे कुठे घंटा पोचते?"

"पूर्वी यायची की," आजोबा म्हणाले.

"तेव्हा मधे झाडं नव्हती. आता येते का?"

"आता मला सूनबाईचंही ऐकू येत नाही."

"ते कधीच येत नव्हतं," सून आतून म्हणाली.

शेवटी ठरलं, दुसऱ्या दिवशी नऊला पंचांनी तिथे उभं राहायचं. आली ऐकू तर पोर शिकेल. नाहीतर चाकावर बसेल.

संध्याकाळी मी भावजींकडे गेले. "उद्या जरा जोर लावा."

"जोराने काही होणार नाही, वहिनी."

मग त्यांनी हळूच सांगितलं. त्यांची बायको, माझी जाऊ, शेवटच्या आजारात त्याच खोलीत पडून होती. ठोका तिच्या डोक्यात घुसायचा. म्हणून भावजींनी तिच्या गोधडीची पट्टी घंटेच्या लोलकाला गुंडाळली. दुखणं वाढलं तसा एकेक पदर वाढवला. आवाज इतका हळूहळू मऊ झाला की गावाला कळलंच नाही. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"सोडली का नाही मग?"

"मऊ वाजली की वाटतं, खाली ती निजलीय."

खिडकीतून धुकं आत येत होतं. मलाही क्षणभर वाटलं, कुणीतरी कूस बदलली.

"तिला हे कळलं असतं," मी म्हटलं, "तर तिने दोरी हिसकावून घेतली असती तुमच्याकडून."

त्यांनी मान वर करून घंटेकडे पाहिलं.

सकाळी मी कुंभारांच्या अंगणात होते. ओल्या मडक्यांच्या रांगा, उन्हात तरंगणारी धूळ, आणि गप्प उभे पंच. नऊ वाजले. पहिला ठोका ओढ्यावरून आला तो लखलखीत, पाण्यावर ऊन पडावं तसा. आजोबांनीही मान वर केली. पंचांनी तिथेच मडक्यावर कागद ठेवून सही केली. मडकं कच्चं होतं, चेपलं. सून काही बोलली नाही.

मी परतले तेव्हा भावजी पायरीवर बसले होते.

"फार मोठी वाजली का, वहिनी?"

"वाजली."

"ती दचकून उठली असती."

"उठली असती, आणि तुम्हाला चार शब्द सुनावले असते."

"चारात कधी भागलंय तिचं?" असं म्हणून ते हसले, आणि बराच वेळ डोळे पुसत राहिले.