आयलीचा पुसलेला फळा

आयली हेक्किनेन चिडली की आधी चष्मा काढून टेबलावर ठेवायची. चष्मा खाली आला की समोरच्याने काय ते समजून घ्यायचं.

मिशिगनच्या पार उत्तरेला, तांब्याच्या बंद पडलेल्या खाणींच्या गावातलं ते कॉलेज. तिथल्या प्राध्यापकांना शिकवायला शिकवणं हे आयलीचं काम. आता डॉक्टरेट घेऊन आलेल्या माणसाला कोणी म्हटलं, चल, तुला शिकवायला शिकवते, तर त्याच्या नाकाला मिरच्या झोंबणारच! नवा आलेला प्राध्यापक वर्षभर तिला बघून वाट बदलायचा. मग एक दिवस अर्धा वर्ग मोबाइलमध्ये आणि अर्धा झोपेत दिसला की मान खाली घालून तिच्या दारात उभा राहायचा. ती त्याला कॉफी द्यायची आणि विचारायची, "तुझा वर्ग कधी असतो?"

तिची एक रीत होती. वर्गात मागच्या बाकावर बसायचं. शेवटी शिक्षकाला बाहेर काढायचं आणि पोरांना म्हणायचं, "बोला आता. काय कळतंय, कुठे अडतंय?" पोरं सांगतील ते फळ्यावर लिहायचं. पोरं गेली की शिक्षकाला आत बोलवायचं, दोघांनी मिळून वाचायचं आणि ओल्या फडक्याने फळा लख्ख पुसायचा. कागदावर एक अक्षर नाही. गावात घरोघरी सौना होता. त्या गरम खोलीत सगळे उघडेच बसतात, पण कोण कसा दिसतो हे बाहेर कोणी बोलत नाही. आयली म्हणायची, माझ्या वर्गाचंही तेच.

ओडेट ट्रुडेल तिच्याकडे आली तेव्हा रडकुंडीला आली होती. संख्याशास्त्र शिकवायची, आणि पहिल्याच वर्षी सहामाहीला तिचा निम्मा वर्ग नापास झाला होता. आयली तिच्या वर्गात मागे बसून आली.

"आयलीबाई, मी सगळं शिकवते हो! एक धडा सोडत नाही."

"कोणाला शिकवतेस? मी बघितलं ना, सगळा वेळ पाठ आमच्याकडे. फळ्याशी लग्न लावलंयस का पोरी?"

ओडेट रडता रडता हसली. मग दोघी हिवाळाभर बसल्या. आयलीने पुस्तक मिटायला लावलं. "वर्ष संपल्यावर पोराला काय करता आलं पाहिजे, ते आधी सांग. मग परीक्षा. धडे सगळ्यात शेवटी." त्यातून पोरं कॉलेजच्या अंगणातलं बर्फ मोजायला लागली, सरासरीवरून भांडायला लागली. ओडेट आता पोरांकडे तोंड करून बोलायची.

पण डीन ग्लेन पेंगेलीला ते कशाला हवं होतं! त्याला ओडेटची जागाच बंद करायची होती. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ठरवायला समिती बसणार होती, आणि त्याला ती नालायक आहे असं सांगणारं तोंड हवं होतं. त्याने आयलीला बोलावून घेतलं.

"आयलीबाई, तुम्ही तिचा पहिल्या वर्षीचा वर्ग पाहिलाय. समितीला तेवढं सांगा."

"नाही सांगणार."

"मग तुमचं हे शिकवायला शिकवण्याचं केंद्र कशासाठी पोसायचं, याचाही विचार करावा लागेल."

"कर की! विचार करायला मी कधी कोणाला अडवलंय?"

बाहेर पडली ती तडक आपल्या खोलीत गेली. भीती वाटली होती, का नाही वाटणार? सगळं आयुष्य त्या एका खोलीत गेलं होतं. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. आज एकीचं सांगितलं की उद्यापासून त्या दारात कोणी पाऊल ठेवणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं.

समितीच्या दिवशी ती गेली. दुपारची पास्टी, म्हणजे खाणकामगारांची ती मांस-बटाट्याची मोठी करंजी, तशीच डब्यात राहिली. लांब टेबलाभोवती सगळे जुनेजाणते प्राध्यापक, मध्ये ग्लेन, कोपऱ्यात पांढरीफटक ओडेट.

"बोला आयलीबाई," ग्लेन म्हणाला. "ट्रुडेलबाईंच्या वर्गात काय दिसलं?"

आयलीने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझं तोंड उघडायचंच आहे ना? मग एकटीचंच कशाला? या टेबलाभोवती बसलेल्या एकूण एकाच्या वर्गात मी मागे बसलेय. सगळ्यांचंच सांगू. सगळ्यात जुन्यापासून सुरुवात करू, चालेल?"

कोणी पेनाचं टोपण लावतोय, कोणी काढतोय. ग्लेनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

रसायनशास्त्राचा म्हातारा स्टॅन व्हर्टिन मात्र खो खो हसत सुटला. "जुना म्हणजे मीच! थांब आयली, तू कशाला तोंड विटाळतेस, मीच सांगतो. मी बापाच्या वयाच्या टिपणांतून वाचून दाखवायचो. पोरं म्हणाली, यांच्याऐवजी पंखा बोलला असता तरी चाललं असतं. त्या दिवशी हिने ते बाहेर सांगितलं असतं, तर मी आज इथे नसतो. आणि या पोरीला तुम्ही पहिल्या वर्षावरून हाकलता? लाज वाटू द्या!" तो ग्लेनकडे वळला. "आता पुढचा कोण? ग्लेन, तू ना?"

"मतदान घेऊ," ग्लेन घाईने म्हणाला.

ओडेट कायम झाली. आणि महिन्याभरात आयलीची उबदार खोली काढून घेतली गेली. तिला तळघरात, पाणी तापवायच्या भट्टीशेजारी जागा मिळाली. तिने कॉफीचं भांडं आणि फळा स्वतः उचलून खाली नेला. ओडेट मागून खुर्ची घेऊन आली, तिचे डोळे भरून आले होते.

"माझ्यामुळे झालं हे सगळं."

"गप गं. इथे हिवाळ्यात थंडी तरी वाजायची नाही."

ओडेटने खुर्ची ठेवली. जरा घुटमळली. मग हळूच म्हणाली, "आयलीबाई, एक विचारू? पेंगेलीसरांच्या वर्गात काय झालं होतं हो?"

आयलीने चष्मा काढून टेबलावर ठेवला.